शुद्धलेखन-तपासनिसाची वंशावळ

लिब्रेऑफिस किंवा फायरफॉक्समध्ये मराठी शब्दाखाली जी लाल रेघ उमटते, तिच्यामागे ‘हन्स्पेल’ नावाची आज्ञावली असते. नावातले ‘हन्’ हंगेरियन भाषेचे. एका लहान भाषेच्या निकडीतून ती जन्मली, हे आम्हां सीमाभागातील भाषिक कार्यकर्त्यांना विशेष महत्त्वाचे वाटते.

तिची वंशावळ मात्र जुनी आहे. १९७१ मध्ये स्टॅनफर्ड येथे राल्फ गोरिन यांनी इंग्रजीसाठी ‘स्पेल’ लिहिले. त्याच परंपरेतून ‘इस्पेल’ आले आणि जेफ कुएनिंग यांनी त्याला इतर युरोपीय भाषांचे दार उघडून दिले. पुढे ओपनऑफिससाठी केव्हिन हेन्ड्रिक्स यांनी ‘मायस्पेल’ रचले. परंतु हंगेरियनमध्ये प्रत्ययावर प्रत्यय चढतात आणि समासही लांबलचक होतात. ते मायस्पेलला पेलेना. तेव्हा लास्लो नेमेत यांनी मायस्पेलच्याच पायावर दुहेरी प्रत्यय ओळखणारे हन्स्पेल उभे केले. ओपनऑफिसने ते स्वीकारले, पुढे फायरफॉक्स आणि क्रोमनेही.

मराठीला हे घर आयते मिळाले. ‘घर’चे सामान्यरूप ‘घरा’, त्यावर ‘समोर’, त्यावर ‘च्या’, त्यावर ‘ला’, शिवाय ‘सुद्धा’! अशी रूपे एकेक करून कोशात भरायची म्हटली, तर पिढ्या पुरणार नाहीत.

हन्स्पेल जीपीएल, एलजीपीएल आणि एमपीएल अशा तीन परवान्यांखाली मिळते. वकिलाच्या नजरेने पाहता त्यांतील दोन कलमे बोलकी आहेत: कोणतीही हमी दिलेली नाही, आणि प्रत घेऊन सुधारण्याचा हक्क मात्र सर्वांना आहे. वापरणारे कोट्यवधी, सांभाळणारे मोजके. आणि ते कायद्याने कोणाचे काही देणे लागत नाहीत. लाल रेघ चुकीच्या ठिकाणी उमटली म्हणून नोटीस धाडता येत नाही (आमच्या व्यवसायबंधूंना हे जड जाईल). मदत देऊ करणे, एवढाच मार्ग उरतो.

ती कशी देऊ करावी, यालाही इतिहास आहे. ‘एक्सझेड’ ही फाईल लहान करणारी आज्ञावली लासे कॉलिन हे फिनलंडमधील गृहस्थ वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने सांभाळत होते. ‘जिया टॅन’ या नावाने कोणी मदतीस आले, दोनेक वर्षे चांगले काम केले, विश्वास संपादला आणि चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिन होण्यास अर्धा सेकंद जास्त का लागतो, हा प्रश्न पडला, म्हणून तो उघडकीस आला. थकलेल्या माणसाकडून कुलमुखत्यारपत्र लिहून घेण्याचा प्रकार न्यायालयांच्या आवारात नवा नाही.

म्हणून आम्ही किल्ल्या मागणार नाही. हन्स्पेलसाठीचा मराठी कोश उपलब्ध आहे. त्याला आम्ही शब्द देऊ. दावा, वहिवाट, खातेफोड, पहाणी असे कोर्टकचेरीतले आणि जमिनीच्या कागदांतले शब्द, प्रत्येकाचे सामान्यरूप व लिंग नोंदवून. मराठीत कागदपत्रे मिळावीत ही सीमाभागाची मागणी जुनी आहे. ती मागणारा अर्ज टंकताना ‘वहिवाटदाराच्याकडून’ या शब्दाखाली रेघ उमटली, तर ती आधी आमच्या यादीत जाईल आणि नंतर, तपासून, कोशाच्या देखभालकर्त्यांकडे.