पाच रकान्यांचं वेळापत्रक : प्रस्तावना

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकाकडे लोकल सुरू झाली. सकाळी पावणेसातला ती निघायची, संध्याकाळी साडेपाचला परत फिरायची. दिवसभरात जाऊन-येऊन एकच गाडी. ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणाऱ्या क्रॉन या प्रोग्राममध्ये हे अख्खं वेळापत्रक दोन ओळींत मावतं : ४५ ६ * * * आणि ३० १७ * * *. (यंत्राला मात्र आकडे इंग्रजीच द्यावे लागतात.) रकाने पाच : मिनिट, तास, तारीख, महिना, वार. स्टार म्हणजे कोणताही चालेल.

युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत क्रॉन होता. पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेला क्रॉन पुढे लिनक्सवर रुळला. सर्व्हरवरचे रात्रीचे बॅकअप आणि सकाळचे अहवाल आजही त्याच्याच भरवशावर चालतात. नवख्याने सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करावी : क्रॉन अंतर मोजत नाही. दर मिनिटाला तो घड्याळ आणि कॅलेंडर बघतो, ओळ जुळली तर काम सुरू करतो. मागचं काम कधी झालं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

‘दिवसाआड पाणी’ म्हणजे काय, हे वसई-विरारकरांना समजावून सांगावं लागत नाही. समजा सोसायटीचा पंप पहाटे पाचला दिवसाआड लावायचा म्हणून कुणी लिहिलं : ० ५ */२ * *. */२ म्हणजे एकाआड एक तारीख, तेव्हा पंप १, ३, ५ असं करत ३१ तारखेला चालेल. दुसऱ्या दिवशी १ तारीख, पुन्हा पंप! तिथून गाडी रुळावरून उतरली. पाणी २, ४, ६ ला येणार आणि पंप पुढचा महिनाभर नेमका कोरड्या दिवशी चालणार.

दुसरा सापळा याहून लबाड आहे. वसईतल्या चर्चमध्ये पहिल्या शुक्रवारची भक्ती असते. तिची आठवण सकाळी सातला मोबाइलवर जावी म्हणून ० ७ १-७ * ५ (शेवटचा ५ म्हणजे शुक्रवार) लिहिलं, तर ते वाचायला अगदी बरोबर वाटतं. पण तारीख आणि वार दोन्ही रकाने भरले की क्रॉन ‘आणि’ नव्हे, ‘किंवा’ समजतो. पहिले सातही दिवस आणि वर महिन्यातला प्रत्येक शुक्रवार, म्हणजे दहा-अकरा संदेश. माझ्या मते क्रॉनमधला हा सर्वांत वाईट निर्णय. उपाय एवढाच की तारखेच्या रकान्यात १-७ ठेवावं आणि वार कामाच्या आज्ञेतच तपासावा. ईस्टर आणि संकष्टी चंद्रावर चालतात. ती या पाच रकान्यांत बसतच नाहीत, त्यांच्या तारखा दरवर्षी पंचांग बघून भराव्या लागतात.

घड्याळ कोणाचं, हाही प्रश्न आहेच. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी मुंबई १९५५ पर्यंत ३९ मिनिटं मागे असलेली आपली वेळ धरून होती. आजचे बरेच सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आपल्या साडेपाच तास मागे. तिथे पावणेसातची गाडी १५ १ * * * होते. १ तारखेला पहाटे चारचं काम तर आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी पडतं, आणि तो दिवस २८ पासून ३१ पर्यंत कोणताही असू शकतो.

रात्री दोनला लाईट गेली आणि मशीन बंद पडलं, तर दोनचं काम हुकलं ते हुकलंच. लाईट आल्यावर क्रॉन ते भरून काढत नाही. त्यासाठी अ‍ॅनाक्रॉन आहे. ज्यांचं काम लॅपटॉपवर चालतं, त्यांनी ते प्रकरण आधी वाचलं तरी चालेल.