खाऱ्या पाण्याच्या कांठचें गांव



वरसाव्याचें नांव काढलें, कीं पुष्कळ मुंबईकरांच्या डोळ्यांपुढें अंधेरीजवळचें वेसावें उभें राहतें. मी म्हणतों तें वरसावें निराळें. साष्टी बेटाच्या उत्तर कांठास, घोडबंदरच्या शेजारीं, मागें डोंगर व पुढें वसईची खाडी, अशा चिंचोळ्या पट्टींत तें वसलें आहे.

इतिहासाच्या पुस्तकांत हा कांठ येतो तो लढायांच्या निमित्तानें. 1739 सालीं चिमाजी आप्पांनीं पोर्तुगीजांपासून वसई घेतली. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला आणि 1782 च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम राहिली. ही सनावळी मीं शाळेंत वर्षानुवर्षें घोकून घेतली. परंतु येथील शेतकऱ्याची खरी लढाई भरतीच्या पाण्याशीं होती, हें मात्र एकाही मुलास सांगितलें नाहीं. ती चूक आज थोडी भरून काढतों.

डोंगराच्या उतरणीवर राब भाजून भात लावतां येई. खालच्या खाजणांत मात्र खाडीचें पाणी शिरे. तें अडविण्यास मातीचा बांध घालीत व त्यास उघाडी ठेवीत. ओहोटीस तींतून पावसाचें पाणी बाहेर जाई. भरतीस ती बंद होई. कांहीं पावसाळ्यांत माती धुऊन निघे आणि खारेपणा सोसणारें राता भात पिकूं लागे. पण बांधास एक खांड पडली, कीं साऱ्यांचींच शेतें पुन्हां खारट! म्हणून बांध राखणें हें एकट्यादुकट्याचें काम नव्हे.

पुढें 1870 सालीं सरकारनें शेजारच्या घोडबंदर, मिरा व भाईंदर येथील जमिनी रामचंद्र लक्ष्मणजी यांस 999 वर्षांच्या पट्ट्यानें दिल्या. खारें पाणी अडविण्यासाठीं बांध घालणें, हें त्यामागील कारण होतें. बांधाची जबाबदारी एका हातीं गेली आणि तिच्या मागोमाग जमिनीवरील हक्कही. मग घाम गाळणाऱ्याचें शेत खरें कोणाचें? 1948 सालीं खार जमिनींचा कायदा झाला, कूळकायदाही झाला. तरी त्या पट्ट्याचे तंटे शतक उलटल्यावरही न्यायालयांत चालतच राहिले.

1985 सालीं मिरा-भाईंदरची नगरपरिषद झाली, 2002 सालीं महानगरपालिका. शेतांच्या जागीं इमारती आल्या. आपण वरसाव्याच्या पुलावरून वसईकडे जाल, तेव्हां क्षणभर खालीं पाहा. भरती-ओहोटीचा क्रम तोच आहे. त्या पाण्यास मागें सारून ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या भात पिकविलें, त्यांचींही नांवें इतिहासांत असावयास हवीं होतीं, एवढें मनांत आणा.