गावाचे नाव पडद्यावर: स्पर्धांचे कार्यक्रम आणि विदर्भाचा प्रेक्षक

१/ जून २०१९ मध्ये नागपूरची सुगंधा दाते झी टीव्हीवरील ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ची विजेती ठरली. १ सप्टेंबरला अमरावतीच्या शिव ठाकरेने ‘बिग बॉस मराठी’चे दुसरे पर्व जिंकले. त्याच सप्टेंबरात अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे ‘कौन बनेगा करोडपती’त १ कोटी रुपयांपर्यंत पोहोचल्या. चार महिन्यांत तीन वाहिन्या, तीन अगदी वेगळे कार्यक्रम आणि तिन्ही वेळा पडद्यावर विदर्भातल्या गावाचे नाव.

२/ या तिघांना प्रत्यक्ष ओळखणारी माणसे थोडी. तरीही ‘आपली पोट्टी’, ‘आपला पोट्टा’ हे शब्द सहज तोंडी येतात. अनोळखी स्पर्धकासाठी जीव खालीवर होणे, कमी गुण देणाऱ्या परीक्षकावर राग धरणे, आवडता स्पर्धक बाद झाल्यावर जेवण गोड न लागणे, हे चाहत्यांचे वेड म्हणून हसण्यावारी नेले जाते. या वेडाला इतिहास आहे आणि नागपुरातून पाहिले तर तो बराच मागे जातो.

३/ पूर्व विदर्भातील खडी गंमत हा त्याचा एक जुना धागा. दोन शाहिरांचे फड समोरासमोर उभे राहत, सवाल-जवाब रात्रभर रंगत आणि कोणाचा जवाब तोलामोलाचा ठरला हे समोर बसलेला गाव ठरवी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागांतील झाडीपट्टी रंगभूमीनेही असाच जागा प्रेक्षक घडवला. दाद आणि नापसंती दोन्ही तिथल्या तिथे, कलाकाराच्या तोंडावर दिली जाई. निकालात आपलाही वाटा आहे, ही प्रेक्षकाची समजूत दूरचित्रवाणीच्या कितीतरी आधीची आहे.

४/ दुसरा धागा रेडिओचा. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. गाण्यांना क्रमांक मिळू लागले, श्रोते संघ पत्रे पाठवू लागले. फर्माइशी पाठवण्याच्या या छंदाने झुमरी तलैया हे आडगाव देशभर माहीत झाले. गाणे लागण्याचा आनंद होताच, त्याहून मोठा आनंद गावाचे नाव ऐकू येण्याचा होता.

५/ १९९५ मध्ये झी टीव्हीवर ‘सा रे ग म’ सुरू झाले. सोनू निगम निवेदक आणि संगीतातील जाणकार मंडळी परीक्षक. पहिल्या विजेत्या ठरलेल्या संजीवनी भेलांडे यांची निवड या जाणकारांनी केली होती. प्रेक्षकाने घरी बसून ऐकायचे, मनात गुण द्यायचे आणि परीक्षकांचे गुण आपल्या गुणांशी जुळले की सुखावायचे. मतभेद झालाच तर तो जेवणाच्या ताटावर संपत असे. तो नोंदवण्याची कुठलीही सोय नव्हती.

६/ ती सोय २००४ मध्ये आली. ब्रिटनमध्ये २००१ साली सुरू झालेल्या ‘पॉप आयडॉल’चा साचा घेऊन सोनी वाहिनीने ‘इंडियन आयडॉल’ आणले आणि अंतिम कौल प्रेक्षकांच्या हाती दिला. मार्च २००५ मधील अंतिम फेरीत मुंबईचा अभिजित सावंत आणि भिलाईचा अमित साना समोरासमोर होते. अभिजित विजयी झाला. घरात बसलेल्या माणसाची नाराजी आता एसएमएस बनून मोजली जाऊ लागली.

७/ हे मतदान निवडणुकीसारखे नव्हते, हे मात्र लक्षात घ्यायला हवे. एक माणूस, एक मत असा नियम नव्हता. नेहमीपेक्षा महाग एसएमएस हवे तितके पाठवता येत. त्यामुळे किती लोकांना गायक आवडला यापेक्षा किती लोक त्याच्यासाठी खिशात हात घालायला तयार आहेत, हे मोजले जाई. मतांचा पूर्ण हिशेब सहसा वाहिनीपाशीच राहिला. ज्या प्रदेशाला स्वतःचे अस्तित्व सिद्ध करून दाखवायचे होते, तो प्रदेश साहजिकच या मोजणीत जोर लावू लागला.

८/ याचे सर्वांत ठळक उदाहरण दार्जिलिंगचे. २००७ च्या ‘इंडियन आयडॉल’मध्ये कोलकाता पोलीस दलातील शिपाई प्रशांत तमांग उतरला. त्याच्यासाठी डोंगराळ भागात चाहता मंडळे निघाली, मतांसाठी वर्गणी गोळा झाली. २३ सप्टेंबरला तो जिंकला. काही दिवसांतच एका रेडिओ निवेदकाच्या अपमानकारक शेरेबाजीवरून सिलिगुडीत हिंसाचार उसळला. ७ ऑक्टोबर २००७ रोजी या प्रचारात आघाडीवर असलेल्या बिमल गुरुंग यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चाची स्थापना केली. गाण्याच्या स्पर्धेसाठी जमलेली माणसे वेगळ्या राज्याच्या मागणीसाठी पुन्हा एकत्र आली.

९/ वेगळ्या राज्याची मागणी नागपूरलाही नवी नाही. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला तेव्हापासून नागपूर राजधानी होते. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार त्याला जोडला गेला. स्वातंत्र्यानंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानीही नागपूरच होती. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली. ती मान्य झाली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचे राजधानीपण संपले.

१०/ त्याआधी, २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारात विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरवण्याचे आणि लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्यांत वाटा देण्याचे आश्वासन होते. अधिवेशन हिवाळ्यात येते आणि उठून जाते. सिंचन, निधी आणि नोकऱ्या यांच्या अनुशेषाची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. ‘आमची मोजदाद होत नाही’ ही भावना या चर्चेच्या मुळाशी आहे.

११/ मराठी करमणुकीच्या जगातही ही भावना वेगळ्या रूपात होती. मालिकांची प्रमाण भाषा पुण्या-मुंबईची. वऱ्हाडी बोली ऐकू येई ती बहुधा विनोदासाठी. अमरावती जिल्ह्यातील भारत गणेशपुरे यांनी ‘चला हवा येऊ द्या’मधून ती घरोघरी पोहोचवली आणि लोकांनी तिच्यावर मनापासून प्रेम केले. पण ज्या बोलीत घरी भांडणे होतात, लग्ने ठरतात, माणूस गेल्यावर रडले जाते, तिच्यावर फक्त हसले जावे, ही सल उरतेच.

१२/ नागपूरच्या प्रेक्षकाचे आणखी एक वेगळेपण त्याच्या कानात आहे. मध्य प्रांत मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांचा होता. बाजारात, रेल्वेत, कचेरीत दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदल्या. २००५ च्या अंतिम फेरीतील अमित सानाचे भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, तो जिल्हासुद्धा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता. त्यामुळे मराठी आणि हिंदी वाहिन्यांवरील स्पर्धा येथे सारख्याच आपलेपणाने पाहिल्या गेल्या.

१३/ या दुहेरी कानाला साजेसे यश वैशाली माडे हिने मिळवले. विदर्भातील या गायिकेने आधी झी मराठीवरील ‘सा रे ग म प’ जिंकले आणि २००९ मध्ये झी टीव्हीवरील ‘सा रे ग म प चॅलेंज’ही जिंकले. मराठीतले यश मुंबई-पुण्याला आपली दखल घ्यायला लावणारे होते, तर हिंदीतले यश सगळ्या देशाला. विदर्भातल्या चाहत्यासाठी तिच्या सुरांइतकेच तिचे दूरच्या लहान गावातून येणे मोलाचे होते.

१४/ अर्थात गावाचा अभिमान ही केवळ विदर्भाची गोष्ट नव्हती. २००८-०९ च्या ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ने साऱ्या महाराष्ट्राला हे वेड लावले. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत. मुलांच्या नावाआधी गाव उच्चारण्याची सवय लागली. कार्तिकी विजेती झाली, तेव्हा आर्याचे आणि प्रथमेशचे चाहते हळहळले. गाणे कोणाचे सरस आणि मते कोणाला जास्त, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, याची जाणीव अनेक घरांत तेव्हा झाली.

१५/ चाहत्याच्या मनातले खरे भांडण येथेच आहे. कान एक सांगतो, गाव दुसरेच सांगते. सूर ढळलेला स्वतःला ऐकू आलेला असतो, तरी परीक्षकाने तो दाखवला की राग येतो, कारण बोट आपल्या माणसाकडे दाखवलेले असते. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी पडद्यावरच्या माणसाशी जडणाऱ्या या एकतर्फी नात्याचे विवेचन १९५६ मध्ये केले होते. नागपूरचे राजधानीपण गेले ते हेच वर्ष. हा योगायोगच, पण पुढे विदर्भातल्या घरांत या दोन गोष्टी एकमेकींना भेटल्या.

१६/ या पार्श्वभूमीवर २०१९ मधले तीन विजय पाहिले तर त्यांतला फरक बोलका आहे. सुगंधाचा विजय गळ्याचा, त्यामुळे कान आणि गाव यांचे एकमत होणे सोपे होते. ‘बिग बॉस’चा साचा १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या ‘बिग ब्रदर’चा. तेथे मत माणसाच्या स्वभावाला मिळते. शिव ठाकरे जसा घरी बोलतो तसा शंभरेक दिवस पडद्यावर बोलला आणि जिंकला. त्याच पर्वात वैशाली माडेही स्पर्धक होती. विनोदापुरती वापरली जाणारी बोली आता नायकाच्या तोंडी होती.

१७/ बबिता ताडे यांच्या विजयात मतांचा प्रश्नच नव्हता. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणारी, महिना १,५०० रुपये मानधन घेणारी ही स्त्री प्रश्नांची उत्तरे देत वर चढत गेली. येथे कोणी मेहेरबानी केली असे म्हणता येत नव्हते, मते विकत घेतली असेही म्हणता येत नव्हते. म्हणून हा आनंद निखळ होता. अंजनगाव सुर्जी कोठे आहे, हे त्या आठवड्यात देशाने शोधून पाहिले.

१८/ मग दार्जिलिंगमध्ये घडले ते विदर्भात का घडले नाही? येथे वेगळ्या राज्याची मागणी जुनी आहे, तिचे पक्ष, नेते, आंदोलने आधीपासून आहेत. तिला गायकाची वाट पाहावी लागली नाही. शिवाय विदर्भाच्या चाहत्याला हवी होती ती मराठीच्या घरातली मानाची जागा. मत देताना तो घर सोडून जाण्याची भाषा बोलत नव्हता. घरातल्या पंगतीत पहिल्या पाटावर बसण्याचा हक्क सांगत होता. मिरवणूक निघाली, गुलाल उधळला आणि माणसे समाधानाने घरी गेली.

१९/ गावाच्या अभिमानाची मर्यादा १२ फेब्रुवारी २०२३ रोजी उघड झाली. हिंदी ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वात शेवटी दोघे उरले, अमरावतीचा शिव ठाकरे आणि पुण्याचा रॅप गायक एमसी स्टॅन. दोघेही महाराष्ट्राचे, शिवाय घरातले घट्ट मित्र. विजेता स्टॅन ठरला. वस्तीतून वर आलेल्या या मुलात देशभरच्या तरुणांनी स्वतःला पाहिले होते. त्यांचे ‘गाव’ नकाशावर नव्हते, ते मोबाइलमध्ये वसले होते. उपविजेत्या शिवचे अमरावतीने तरीही जंगी स्वागत केले.

२०/ आणि नंतर काय उरते? चाहते पुढच्या पर्वाकडे वळतात, स्पर्धकाला मात्र त्याच कलेवर आयुष्य काढायचे असते. वैशाली माडेचा आवाज ‘बाजीराव मस्तानी’तील ‘पिंगा’मध्ये श्रेया घोषालच्या बरोबरीने देशभर गाजला तो २०१५ मध्ये, हिंदी स्पर्धा जिंकल्यानंतर ६ वर्षांनी. ‘लिटिल चॅम्प्स’मधली ती पाच मुले २०२१ मध्ये त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या खुर्चीत बसली. मधल्या वर्षांतल्या रियाजासाठी कोणी एसएमएस पाठवले नव्हते.

२१/ एका रात्रीच्या मतदानाने अनुशेष भरत नाही, कालव्याला पाणी येत नाही, हे विदर्भाचा प्रेक्षक चांगले जाणतो. तरीही निवेदकाने पाकीट उघडले की तो पुढे सरकून बसतो. खडी गंमतीत समोर बसून कौल देणारा त्याचा पणजोबा आणि रेडिओवर गावाचे नाव ऐकायला थांबलेले त्याचे आजोबा असेच पुढे सरकून बसत. निकाल लागतो आणि तो शेजाऱ्याला हाक मारून सांगतो. त्या हाकेत आधी गावाचे नाव येते, गायकाचे त्यानंतर.