विदर्भ : धावफलकावरचा प्रांत

महाराष्ट्र या एका राज्यातून रणजी करंडकासाठी तीन संघ खेळतात : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. मुंबई हे शहर आहे, महाराष्ट्र हे राज्य. विदर्भ मात्र राज्य नाही, की एक महसुली विभागही नाही. नागपूर आणि अमरावती असे त्याचे दोन विभाग पडतात. क्रिकेटच्या धावफलकावर तेवढा तो एकसंध प्रांत म्हणून उभा असतो. हे कसे घडले, हा प्रश्न खेळाइतकाच राजकीय भूगोलाचाही आहे.

फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 मध्ये स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली. ती मानली गेली नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मध्य प्रदेशातले आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्याला जोडले गेले. आजचे सिंदेवाही ज्यात होते तो चांदा जिल्हा त्यांपैकीच एक. पुढच्याच हंगामात, म्हणजे 1957-58 साली, विदर्भाचा संघ रणजी करंडकात उतरला. राज्य मिळाले नाही, संघ मिळाला. शिवाय राजकारणाने विदर्भाला पश्चिमेकडे जोडले, तरी क्रिकेटने त्याला मध्य विभागातच ठेवले. मुंबई आणि महाराष्ट्र पश्चिम विभागात, तर विदर्भ मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश, रेल्वे यांच्या पंगतीत. जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडाची सोयरीक अशी खेळात शिल्लक राहिली.

या संघाच्या जन्माआधीच नागपूरने आपला सर्वांत मोठा खेळाडू गमावला होता. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू 1895 मध्ये नागपुरात जन्मले. पण त्यांचे नाव जोडले गेले ते इंदूरच्या होळकर संघाशी. होळकरांनी चार वेळा रणजी करंडक जिंकला. संस्थानाचा आश्रय इंदूरला होता, नागपूरला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

पुढची अनेक दशके विदर्भाची ओळख 'दुबळा संघ' अशीच राहिली. नागपूरच्या सिव्हिल लाइन्सवरील मैदानावर 1969 मध्ये न्यूझीलंडविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला. पण विदर्भाच्या संघातून घडलेला पहिला कसोटीपटू मिळायला 2011 साल उजाडावे लागले. बेचाळीस वर्षे नागपूर यजमान होते, स्वतःच्या घरातला माणूस मात्र ताटावर नव्हता. तो आला तोही क्रिकेटच्या रूढ वाटेने नव्हे. उमेश यादव हा खापरखेड्याजवळच्या वलनीतील कोळसा खाण कामगाराचा मुलगा. वयाच्या विशीपर्यंत टेनिस चेंडूने खेळलेला.

मग चित्र पालटले. जामठ्याचे मैदान 2008 मध्ये सुरू झाले, निवासी अकादमी उभी राहिली, चंद्रकांत पंडितांसारखा करडा प्रशिक्षक आला, वसीम जाफरसारखा पाहुणा फलंदाज तरुणांत मिसळला. 2017-18 च्या उपांत्य सामन्यात कर्नाटकावर अवघ्या 5 धावांनी विजय मिळाला. अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने त्रिक्रम साधला, अक्षय वाडकरने शतक ठोकले आणि फैज फजलच्या संघाने दिल्लीला 9 गडी राखून हरवले. पदार्पणानंतर बरोबर साठ वर्षांनी आलेला हा विजय इंदूरच्या होळकर मैदानावर मिळाला, हा योगायोग नायडूंना आवडला असता. पुढच्या वर्षी सौराष्ट्राला 78 धावांनी हरवून करंडक राखला. 2024-25 मध्ये वाडकरच्या नेतृत्वाखाली केरळविरुद्ध पहिल्या डावातील 37 धावांच्या आघाडीवर तो तिसऱ्यांदा आला. त्या हंगामात हर्ष दुबेने 69 बळींचा स्पर्धेतला विक्रम केला.

इथवर सारे गौरवाचे. पण प्रांताचे नाव धारण करणाऱ्या संघाला एक प्रश्न विचारावाच लागतो : हा विदर्भ कुठून कुठपर्यंत? नागपूरबाहेरची चटकन आठवणारी नावे पाहा. दर्शन नळकांडे वर्ध्याचा, जितेश शर्मा अमरावतीचा, अथर्व तायडे अकोल्याचा. ही सगळी गावे मुंबई–हावडा लोहमार्गाच्या आसपासची, कापसाच्या पट्ट्यातली. कापसाच्या व्यापाराने तिथे शहरे वाढवली, शहरांनी महाविद्यालये आणि मैदाने आणली.

सिंदेवाही गोंदिया–नागभीड–बल्लारशा मार्गावर आहे. हा धानाचा मुलूख. इथल्या संशोधन केंद्राचा लौकिकही धानाचाच. पावसाळ्यात रोवणी झाली की बांध्यांत पाणी, आणि कापणी होईपर्यंत खेळायला मोकळे शेत नाही. झाडीपट्टीतल्या पोराचा खेळ सुरू होतो तो धान घरी आल्यावर, चेंडू बहुधा टेनिसचा. रणजी हंगाम तोवर सुरू झालेला असतो. गुणवत्ता इथे कमी आहे असे मानण्याला काही आधार नाही. उमेश यादवचे उदाहरण उलटच सांगते. अंतर आहे ते खेळपट्टीचे, चामडी चेंडूचे आणि नागपुरात राहण्याच्या खर्चाचे. निवासी अकादमीचे महत्त्व यासाठीच मोठे. नागपुरात नातलग असणे ही खेळाडूची पात्रता उरू नये.

1957 मध्ये या संघाने आठ जिल्ह्यांचे नाव घेतले. आज ते जिल्हे अकरा झाले आहेत. 1982 मध्ये चंद्रपुरातून निघालेला गडचिरोली त्यांतलाच. करंडक तीनदा नागपूरला आला. ज्या दिवशी त्या संघात सिंदेवाही, चिमूर किंवा आरमोरीच्या बांधीवर गोलंदाजी शिकलेला कुणी असेल, त्या दिवशी धावफलकावरचे नाव पूर्ण खरे होईल.