रोपण की अंकुरण? : कोरियन साहित्येतिहासातील एक पेच

कोणत्याही साहित्याचा इतिहास लिहिताना 'आधुनिक कालखंड कोठून सुरू करावयाचा?' हा प्रश्न वरवर पाहता केवळ कालगणनेचा वाटतो. परंतु ज्या समाजाला आधुनिकता आणि पारतंत्र्य एकाच वेळी भेटले, त्या समाजात हा प्रश्न आत्मसन्मानाचा होऊन बसतो. कोरिया हे याचे ठळक उदाहरण होय. कवी आणि मार्क्सवादी समीक्षक इम ह्वा (१९०८-१९५३) याने १९४० च्या सुमारास, जपानी राजवट सर्वाधिक कठोर झालेली असताना, नव्या कोरियन साहित्याच्या इतिहासाची पद्धतिमीमांसा मांडली. कोरियाचे नवे साहित्य म्हणजे जपानमार्गे आलेल्या पाश्चात्त्य साहित्याच्या रोपणाचा इतिहास, हे त्याचे विधान पुढे अर्धे शतक कोरियन समीक्षेला सलत राहिले. त्या विधानाचे आणि ते करणाऱ्याचे पुढे काय झाले, हे पाहणे उद्बोधक ठरते.

इम ह्वाचे प्रतिपादन अर्धसत्य आहे, असे म्हणावयास प्रथमदर्शनी बळकट आधार सापडतो, तो लिपीच्या इतिहासात. राजा सेजोंग याने सिद्ध केलेली कोरियन लिपी १४४६ मध्ये जाहीर झाली. चिनी लिपीचा त्याग म्हणजे सुसंस्कृत जगाचा त्याग, अशी हरकत च्वे मान-री प्रभृती दरबारी विद्वानांनी त्याआधीच, १४४४ मध्ये, नोंदविली होती. परिणामी साडेचार शतके राज्यकारभार, परीक्षा आणि प्रतिष्ठित वाङ्मय अभिजात चिनी भाषेतच राहिले. देशी लिपी स्त्रियांच्या, सामान्यांच्या आणि कथा-आख्यानांच्या वाट्याला आली. १८९४ च्या सुधारणांनी चिनी विद्येवर आधारलेल्या राजसेवा-परीक्षा रद्द केल्या आणि राजाज्ञांसाठी देशी लिपी मूलाधार मानली. १८९६ मध्ये निघालेल्या 'तोंगनिप शिन्मुन' या वृत्तपत्राने निव्वळ देशी लिपीत, शब्दांमध्ये अंतर सोडून मजकूर छापला. १९१० मध्ये जपानने कोरिया खालसा केला, त्यापूर्वीच हे सारे घडले होते. गद्यभाषेची भूमी नांगरली गेली होती.

तथापि या भूमीत पहिले मोठे पीक आले ते कोठे? ई क्वांग-सू (१८९२-१९५०) याची 'मुजंग' ही कादंबरी कोरियन भाषेतील पहिली आधुनिक कादंबरी मानली जाते. ती १९१७ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली, ती 'मेइल शिन्बो' या पत्रातून. हे पत्र जपानी गव्हर्नर-जनरलच्या शासनाचे मुखपत्र होते. त्या दशकात कोरियन लोकांच्या हाती स्वतःचे दैनिक राहिलेच नव्हते. कादंबरीचा नायक इंग्रजीचा शिक्षक आहे. जुन्या गुरूची परिस्थितीने गणिका झालेली कन्या आणि सधन ख्रिस्ती घरातील शिकलेली तरुणी यांच्यामध्ये तो दोलायमान होतो. शेवटी पूरग्रस्तांच्या दर्शनाने या तिघांच्या मनातील वैयक्तिक गुंता विरतो आणि शिक्षणाद्वारे राष्ट्र उभारण्याचा संकल्प त्याची जागा घेतो. या संकल्पात सत्तेचा प्रश्न कोठेही येत नाही. समाज अज्ञानी आहे म्हणून दुर्बल आहे, हे निदान राष्ट्रवाद्याला मान्य होण्यासारखे होते आणि राज्यकर्त्यालाही अडचणीचे नव्हते. प्रबोधनाची भाषा दोहोंना पुरून उरत होती.

भाषेच्या प्रमाणीकरणाबाबतही असेच दिसते. शुद्धलेखनाचे नियम १९१२, १९२१ आणि १९३० मध्ये वसाहती शासनाने केले. १९२० मध्ये त्याच शासनाने जपानीत अर्थ देणारा कोरियन शब्दकोश काढला. दुसरीकडे जू शि-ग्यंग (१८७६-१९१४) याच्या शिष्यपरंपरेतून १९२१ मध्ये उभ्या राहिलेल्या भाषामंडळाने १९३३ मध्ये आपली एकीकृत लेखनपद्धती जाहीर केली आणि शब्दकोशाचे काम हाती घेतले. कारभारासाठी हवी असलेली नियमबद्ध भाषा आणि राष्ट्रासाठी हवी असलेली नियमबद्ध भाषा यांत काही काळ फारसे अंतर नव्हते.

ते अंतर युद्धाने निर्माण केले. १९३८ मध्ये शाळांतून कोरियन भाषा ऐच्छिक ठरली. १९४० मध्ये जपानी धर्तीची नावे घेण्याची मोहीम सुरू झाली आणि 'तोंग-आ इल्बो' व 'चोसन इल्बो' ही दैनिके बंद पाडण्यात आली. १९४२ च्या ऑक्टोबरपासून भाषामंडळाच्या सभासदांची धरपकड झाली. ई युन-जे आणि हान जिंग हे दोघे तुरुंगात मृत्यू पावले. कोशाचे हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झाले. मुक्ततेनंतर, सप्टेंबर १९४५ मध्ये, ते सोलच्या रेल्वे स्थानकाच्या गोदामात सापडले. त्याचा पहिला खंड १९४७ मध्ये आणि सहावा व अखेरचा १९५७ मध्ये निघाला. शब्दांचे अर्थ लिहिणे हाच राजद्रोह ठरला, तेव्हा प्रबोधनाला तटस्थ राहण्याची मुभा संपली. १९१९ मध्ये तोक्योतील कोरियन विद्यार्थ्यांचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या ई क्वांग-सूने १९४० मध्ये जपानी नाव घेतले आणि युद्धाचा पुरस्कार केला. याच काळात तरुण कवी युन तोंग-जू कोरियन भाषेतच कविता लिहीत राहिला. त्यालाही जपानमध्ये शिकण्यासाठी नाव बदलावे लागले होते. तो फेब्रुवारी १९४५ मध्ये फुकुओकाच्या तुरुंगात मरण पावला.

१९४५ नंतरचा इतिहास निवाड्यांचा आहे. ई क्वांग-सूला १९४९ मध्ये राष्ट्रद्रोही कृत्यांच्या चौकशीत अटक झाली. १९५० च्या युद्धात त्याला उत्तरेकडे नेण्यात आले आणि तेथेच त्याचा अंत झाला. इम ह्वा स्वेच्छेने उत्तरेस गेला. १९५३ मध्ये तेथील राजवटीने त्याला अमेरिकेचा हेर ठरवून देहदंड दिला. दक्षिणेत, उत्तरेला गेलेला म्हणून, त्याच्या ग्रंथांवर बंदी होती. एकाने त्याला शत्रूचा हस्तक म्हणून मारले आणि दुसऱ्याने शत्रूचा लेखक म्हणून पुसले. अशा लेखकांच्या मुक्ततापूर्व साहित्यावरील बंदी दक्षिण कोरियात उठली ती १९८८ मध्ये, लोकशाही आंदोलनाच्या यशानंतर.

या पार्श्वभूमीवर १९७३ मध्ये किम युन-शिक आणि किम ह्यन या समीक्षकांनी लिहिलेल्या साहित्येतिहासाकडे पाहावे लागते. त्यांनी आधुनिकतेचा आरंभ मागे नेऊन अठराव्या शतकात ठेवला. बाजारपेठेची वाढ, वर्गव्यवस्थेची शिथिलता, देशी लिपीतील गद्याचा प्रसार यांत त्यांना स्वयंभू आधुनिकतेचे अंकुर दिसले. वसाहती हीनगंडातून साहित्याला सोडविण्याचे हे कार्य मोलाचे होते, यात शंका नाही. परंतु ज्याच्या विधानाचे खंडन करावयाचे, त्याचे ग्रंथच तेव्हा उघडपणे छापता येत नव्हते. परंपरा आणि सामाजिक पाया यांचाही विचार इम ह्वाच्या मांडणीत होता. सर्वसामान्य वाचकापर्यंत मात्र 'रोपण' हा एकच शब्द पोहोचला. प्रतिपक्षाच्या अनुपस्थितीत झालेला वाद कितीही विद्वत्तापूर्ण असला तरी अपुराच राहतो.

१९९० च्या दशकापासून 'वसाहती आधुनिकता' ही संकल्पना पुढे आली आणि रोपण व अंकुरण यांतील द्वंद्व सैल झाले. तथापि नवी संज्ञा मिळाली म्हणजे जुना प्रश्न सुटतो असे नाही. 'मुजंग' ज्या पत्रात छापली गेली, ते पत्र तिच्या रूपाचा भाग मानावयाचे की नाही, हे प्रत्येक वाचनात नव्याने ठरवावे लागते. कृती वगळून इतिहास शुद्ध होत नाही. लेखकाचा अपराध सांगून कृतीचा अर्थही संपत नाही. कोरियाने हे दोन्ही मार्ग चोखाळून पाहिले. शब्दकोशाचे हस्तलिखित गोदामात सापडले, हे त्या भाषेचे भाग्य. ज्या लेखकांना दोन्ही बाजूंनी गोदामात टाकले, त्यांचे वाचन १९८८ नंतरच मोकळेपणाने सुरू होऊ शकले, आणि साहित्येतिहासाचे खरे काम तेथून पुढचे आहे.