बाप्टिझो

बाप्टिझो हे प्राचीन ग्रीक भाषेतील क्रियापद असून ‘बुडवणे’ हा त्याचा मूळ अर्थ होय. नव्या करारात ते सुमारे ७७ वेळा येते. मराठीतील ‘बाप्तिस्मा’ हा शब्द याच क्रियापदापासून बनलेल्या ‘बाप्टिस्मा’ या ग्रीक नामावरून आला आहे.

व्युत्पत्ती आणि अर्थ

‘बाप्टो’ (बुचकळणे, रंगात बुडवणे) या धातूपासून हे क्रियापद बनले. पॉलिबियस या इतिहासकाराने ते जहाजे बुडण्याच्या संदर्भात वापरले आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात नामान यार्देन नदीत सात वेळा बुडी मारतो, तेथेही हेच क्रियापद आहे (२ राजे ५:१४).

नव्या करारात त्याचा मुख्य अर्थ पाण्याने केलेला धार्मिक संस्कार असा आहे. मात्र मार्क ७:४ आणि लूक ११:३८ येथे ते जेवणापूर्वीच्या शुद्धीसाठी, तर मार्क १०:३८ येथे दुःखात बुडून जाणे या लाक्षणिक अर्थाने येते.

भाषांतराचा प्रश्न

क्रियापदाचा अर्थ ‘बुडवणे’ असाच दिल्यास पाणी शिंपडून किंवा ओतून केलेला संस्कार अपुरा ठरतो. कलकत्त्यातील बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी बंगाली भाषांतरात ‘बुडवणे’ या अर्थाचा शब्द योजला. त्यामुळे १८३६ मध्ये अमेरिकन बायबल सोसायटीने त्या भाषांतरास अर्थसाहाय्य नाकारले. मराठीत रूढ झालेला ‘बाप्तिस्मा’ हा शब्द मूळ ग्रीक नामाचेच रूप असल्याने पद्धतीविषयी कोणताही निर्णय देत नाही.

ग्रीकमधील एका क्रियापदासाठी मराठीत नाम आणि साहाय्यक क्रियापद वापरावे लागते. कर्तरी रूपासाठी ‘बाप्तिस्मा देणे’, तर कर्मणी रूपासाठी ‘बाप्तिस्मा घेणे’ किंवा ‘बाप्तिस्मा होणे’ असे प्रयोग होतात. ‘घेणे’ या प्रयोगात व्यक्तीची स्वेच्छा सूचित होते; ग्रीक कर्मणी रूपात ती तितकी स्पष्ट नसते.

अहमदनगर जिल्ह्यातील संदर्भ

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र सुरू झाले. हे मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे असल्याने त्यात बालकांचा बाप्तिस्मा आणि पाणी शिंपडण्याची पद्धत मान्य होती. मुंबईत १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक पुढे अहमदनगर येथे मिशनच्या कार्यात होते. त्यांनी १९१७ मध्ये मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना स्थान होते. त्यामुळे ख्रिस्ताचा अनुयायी होण्यासाठी हा संस्कार अनिवार्य आहे काय, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती समाजापुढे आला.