पायवाटेवरचा इतिहास

चाकणचे नाव काढले की शाळेतल्या मुलाला फिरंगोजी नरसाळा आठवतो. १६६० साली शायिस्ताखानाच्या फौजेपुढे त्याने संग्रामदुर्ग जवळजवळ दोन महिने लढवला. ही हकिकत पाठ्यपुस्तकात आहे आणि ती असायलाच हवी. पण चाकणच्या माळावर माणूस काही फिरंगोजीबरोबर आला नाही. त्याच्या आधी इथे कोण होते, कोणत्या वाटेने आले, कोणाला नवस बोलत होते? याला बखर नाही, कागद नाही. मग हा इतिहास वाचायचा तरी कुठे?

पायी चालून याचे उत्तर शोधणारे एक गृहस्थ पुण्यात होऊन गेले. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७ चा, गोव्यातला, शिक्षण अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात, विषय गणित. आधी फर्ग्युसन कॉलेजात शिकवीत, पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. डेक्कन क्वीनने मुंबईला जायचे-यायचे, आणि सवड मिळाली की पुण्याभोवतालच्या टेकड्या, लेणी, वाड्या पायाखाली घालायच्या, असा त्यांचा क्रम. १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला, आणि १९६२ साली ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’. या दुसऱ्या पुस्तकात आपल्या मावळातली आणि चाकण-देहूकडची गावे जागोजागी भेटतात. १९६६ साली ते वारले.

त्यांची रीत काय होती? मेंढक्याला गाठायचे, म्हातारीला विचारायचे, गुरवाशी बोलायचे. देवी कोणती, तिला नैवेद्य कसला, मान कोणाचा, आणि मुख्य म्हणजे ती बसली आहे कुठे?

हा ‘कुठे’ फार महत्त्वाचा. ‘मृच्छकटिक’ नाटकाच्या पहिल्याच अंकात चारुदत्त आपल्या मित्राला सांगतो, चव्हाट्यावर जाऊन मातृकांना बळी ठेवून ये. आता हा बळी गावातल्या देवळात का नाही, चव्हाट्यावरच का? कोसंबी या प्रश्नाचा माग काढीत आपल्या पायवाटांवर आले. त्यांना दिसले ते असे: पुष्कळ ठिकाणी शेंदूर फासलेला तांदळा गावात नसतोच. तो असतो डोंगराच्या सोंडेवर, खिंडीच्या तोंडाशी, नाहीतर दोन वाटा मिळतात तिथे. आणि त्याच वाटांच्या कडेला मातीत सापडतात गारेच्या दगडाची बारीक पाती, बोटाच्या पेराएवढी, कातडे कापायला आणि बाणाला लावायला केलेली. लोखंड माहीत नसलेल्या माणसांची ही हत्यारे. यावरून त्यांनी ताडले की नांगर आणि गाव येण्याच्या पुष्कळ आधी इथे जनावरांमागे हिंडणारी माणसे होती. पावसाप्रमाणे ती खालीवर करीत, धनगर करीत आले तशी. त्यांच्या वाटा जिथे मिळत तिथे त्यांच्या आया बसल्या. पुढे खाली ओढ्याकाठी शेती झाली, गाव वसले. देवी मात्र आपल्या जुन्या वाटेवरच राहिली.

कार्ल्याच्या लेण्यात सातवाहन काळचा लेख आहे. त्यात या मुलखाला ‘मामालाहार’ म्हटले आहे, म्हणजे आपले मावळ. मावळतीकडचा म्हणून मावळ, असे आपण सहज सांगतो. कोसंबींनी ते नाव पाण्याकाठच्या मावलायांशी, त्या लहानग्या मातांशी जोडले. हे सर्वांना पटेल असे नाही. माझेही मन थोडे अडते. परंतु मावलाया कोण, हे शेतावरच्या बाईला विचारल्यावाचून हा वाद करता येत नाही, एवढे त्यांनी दाखवून दिले.

लेण्यांचेही असेच. देहूरोडजवळच्या घोराडेश्वराला आपण महादेवाला म्हणून जातो, पण ती शेलारवाडीची बौद्ध लेणी आहेत. नाणोलीच्या लेण्यात फिरंगाई आहे, आणि त्या गावाचे पुरते नाव ‘नाणोली तर्फे चाकण’. भंडारा आणि भामचंद्र हे डोंगर तर तुकोबांच्या एकांताचे. भिक्षू, महादेव, देवी, वारकरी संत, सगळे त्याच कपारींना का आले? वाटा तिथूनच जात होत्या म्हणून.

यानंतर काय झाले ते आपण पाहतोच आहो. पिंपरीला १९५४ साली सरकारी पेनिसिलीनचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि पुढे मोटारींचे कारखाने चाकणच्या माळावर पोचले. पोराबाळांना रोजगार मिळाला. त्याला नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. पण रस्ता रुंद होताना वाटेवरचा तांदळा उचलतात आणि शंभर पावलांवर सिमेंटचे देऊळ बांधून त्यात बसवतात. देवीला फरशी मिळते, दिवा मिळतो, गावाला समाधान वाटते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र कागद जपला आणि त्यावरची अक्षरे पुसली, असे होते. तिची जागा हाच पुरावा होता ना!

शिक्षकबंधूंनो, म्हणून तांदळा हलण्याआधी जागेचा नकाशा वहीत काढून ठेवता येईल. वाट कुठून येत होती, कुठे जात होती, हे ऐंशीच्या घरातली माणसे अजून सांगतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मावळ-मुळशीपासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या अशाच गावोगाव जाऊन गोळा केल्या, त्या लाखावर भरल्या. गिरणी आल्यावर जाते थांबले होते, तरी बायांना ओव्या पाठ होत्या, म्हणून ते काम झाले.

काही वाटा देव स्वतःच राखतात. चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचे बगाड हिंजवडीहून वाकडला निघते. मानाचा गळकरी त्यावर असतो. कोसंबींनी याचीही दखल घेतली होती. तेव्हा या दोन गावांच्या मध्ये शेते होती. आता दोन्हीकडे संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत आणि एरवी मोटारींची रांग हलत नाही. त्या दिवशी ती रांग थांबते, आणि बगाड जुन्या मुक्कामाला जाते.